लोकरीच्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

सुती कुर्ते सफाईने शिवू लागल्यावरही लोकरीचे कापड कापायला हात धजावत नाही, असे तू लिहितेस. कापड महाग म्हणून ही भीती असेल तर ती रास्त आहे. शिवायला अवघड म्हणून असेल तर मात्र तिला फारसा आधार नाही, कारण लोकर शिवणाऱ्याला जितकी सांभाळून घेते तितके सुती कापड कधीच घेत नाही.

लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो. वाफ लागली की तो सैलावतो आणि त्या वेळी दिलेला आकार थंड होताना धरून ठेवतो. कोटाची बाही लावताना याची खरी प्रचीती येते. बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जिथे जोडायची त्या गोलाईपेक्षा, इंच-दीड इंच जास्त ठेवावा लागतो आणि सुती कापडात हे जादा कापड चुण्या होऊन दिसत राहते. लोकरीच्या बाहीला तू कडेने दोन धावदोरे घाल, दोरे हलके ओढून घेर मुंढ्याच्या मापाला आण, बाही गोल उशीवर चढव आणि ओलसर सुती फडके टाकून इस्त्री नुसती टेकवून उचल. दोन-तीनदा असे केलेस की चुण्या डोळ्यांदेखत विरतात आणि सपाट कापडातून खांद्याची गोलाई उभी राहते. शिवणकामातला याहून मोठा आनंद मला तरी ठाऊक नाही. सुबक जमलेले काजसुद्धा त्याच्या खालीच.

इस्त्री घासायची मात्र नाही. उष्णता, ओलावा आणि घर्षण एकत्र आले की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड जाड होऊन आटते. नमदा, म्हणजे न विणता दाबून केलेले लोकरीचे जाड कापड, याच गुणावर तयार होतो, पण तुला नमदा करायचा नाही.

हातशिलाईतही ही लोकर उदार असते. तुरपाईचा टाका लवेत बुडून उलट बाजूने दिसत नाही आणि उसवलेल्या शिलाईची भोके वाफेने बहुधा बुजतात. म्हणून आत सढळ हाताने माया, म्हणजे शिलाईपलीकडचे जादा कापड, सोड.

आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी उत्तम होते, पण अशी बाही तिच्यातून निघणार नाही. पहिल्या कोटासाठी मध्यम वजनाचे फ्लॅनेल किंवा ट्वीड घे. ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ हे आकडे तंतूचा बारीकपणा सांगतात. आकडा मोठा म्हणजे शिवायला सोपे असे नव्हे, उलट अतिबारीक कापडावर इस्त्रीची प्रत्येक खूण उमटते. आपल्या हवेत लोकर कशाला, असे घरचे विचारतील. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, हे त्यांना सांग.

बाजारात टेरीवूलही, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेली लोकरही, शुद्ध लोकर म्हणून खपते. कडेचे दोन-चार धागे काढून जाळून पाहा: शुद्ध लोकरीला जळक्या केसांसारखा वास येतो, ती ज्योत दूर होताच विझते आणि तिची राख बोटांत चुरते; वितळून टणक गोळी झाली तर भेसळ समज. मग एका तुकड्यावर खडूने चार इंचांचा चौकोन आख, वाफ दे, निवू दे आणि पुन्हा मोज. चौकोन आटला, तर आधी सगळ्या कापडाला वाफ द्यावी लागेल. त्यानंतरच कात्री घे.

कळावे.