एम प्रथिनाचा एवढासा तुकडाच लशीसाठी का निवडतात?

ताई, ऱ्हुमॅटिक फीवर (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा, हृदयाच्या झडपांना इजा करू शकणारा ताप) होऊन गेलेल्या आपल्या भाचीला नागपुरात दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. त्या संसर्गाच्या जंतूवरची, म्हणजे अ गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसवरची, लस त्याच्या अख्ख्या एम प्रथिनाऐवजी छोट्या तुकड्यांपासून का बनवतात आणि ती आल्यावर इंजेक्शन सुटेल का, असे आपण विचारले आहे. हा विषय मी येथे अनेक वर्षे शिकवला, म्हणून सविस्तर लिहितो.

या जंतूच्या अंगावर एम प्रथिनाचे बारीक तंतू असतात. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली की पांढऱ्या पेशी जंतूला गिळू शकतात; परंतु याच प्रथिनाचे काही भाग हृदयाच्या स्नायूतील मायोसिन या प्रथिनाशी मिळतेजुळते असल्यामुळे लसच हृदयावर उलटण्याची भीती असते. ही भीती पोकळ नव्हती. 1960च्या दशकात अमेरिकेत या तापाच्या रुग्णांच्या भावंडांना एम प्रथिन टोचले, तेव्हा त्यांतील काहींना ऱ्हुमॅटिक फीवर झाला आणि 1979 मध्ये तेथे अशा लशींवर आलेली बंदी पंचवीसेक वर्षे टिकली. म्हणून धोक्याचा भाग वगळून कामाचा तेवढाच तुकडा घेण्याचा मार्ग पुढे आला.

कोणता तुकडा घ्यावा, हा खरा अवघड प्रश्न आहे. तंतूचे टोक जंतूच्या प्रत्येक प्रकारात वेगळे असते आणि असे 200 हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. अमेरिकेत जेम्स डेल यांनी 30 प्रकारांची टोके एकाच लशीत गुंफली. पण आपल्यासारख्या देशांत एकाच वेळी कितीतरी प्रकार फिरत असल्यामुळे मला ऑस्ट्रेलियातील मायकेल गुड यांची वाट अधिक भरवशाची वाटते. त्यांनी तंतूच्या बुडाजवळचा, बहुतेक प्रकारांत सारखा राहणारा भाग निवडला. त्यांच्या जे-8 या तुकड्यात जंतूची अमिनो आम्ले (प्रथिनाचे घटक-मणी) फक्त 12 आहेत. एवढा लहान तुकडा सुटा केला की मूळचा मळसूत्री आकार गमावतो आणि प्रतिपिंडे चुकीच्या आकाराविरुद्ध बनतात, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना यीस्टच्या प्रथिनाचे आधार जोडून एकूण लांबी 28 अमिनो आम्लांची केली आहे. तरीही शरीर एकट्या तुकड्याची फारशी दखल घेत नाही. त्यासाठी तो घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषाला जोडून प्रतिसाद वाढवणाऱ्या तुरटीवर्गीय क्षारासोबत देतात.

अशा लशी माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत पोहोचल्या आहेत, बाजारात मात्र एकही नाही. शिवाय लस नवा संसर्ग टाळेल, झडपेला झालेली इजा भरून काढणार नाही. घट्ट, पांढरे बेंझाथिन पेनिसिलिन जाड सुईने घेताना मुलीला किती दुखते हे मी जाणतो. तरी हा जंतू अजूनही पेनिसिलिनला दाद देतो, तेव्हा तिची तारीख चुकवू नका आणि इंजेक्शन किती वर्षे चालवायचे हे झडपांची स्थिती पाहून हृदयरोगतज्ज्ञांनाच ठरवू द्या.