ओढलेला पाय अधिकच आवळतो

प्रश्न : आमचा मुलगा साडेचार वर्षांचा असून त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. धरून उभे केले की तो चवड्यांवर उभा राहतो आणि त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. आठवड्यातून दोनदा आम्ही त्याला फिजिओथेरपीसाठी सांगलीला नेतो. परंतु द्राक्षांच्या काढणीत ते जमत नाही. घरी सासूबाई तेल लावून पाय जोराने ओढतात, तेव्हा तो फार रडतो. हे थांबवावे का? ताठरपणा कधी जाईल?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : तेल लावणे चालू राहू द्यावे, ओढणे मात्र आजच थांबवावे. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला पूर्वी झालेल्या इजेमुळे स्नायू सैल सोडण्याचा संदेश नीट पोहोचत नाही आणि असा स्नायू जितक्या झटक्याने ताणावा तितका तो उलट आवळतो. रडण्याने त्यात भरच पडते. सासूबाईंची माया आणि चिकाटी मोलाची आहे, म्हणून हे काम त्यांच्याकडेच राहावे. फक्त पद्धत बदलावी.

अंघोळीनंतर मुलाला उताणे झोपवून एका हाताने गुडघा सरळ ठेवावा. दुसऱ्या हाताच्या तळव्यात टाच धरून, त्याच हाताचा मनगटाकडचा भाग तळपायाला टेकवावा आणि टाच खाली ओढून घेत पाऊल सावकाश नडगीकडे न्यावे. जेथे अडेल तेथेच अर्धा मिनिट थांबावे. पोटरी ढिली पडू लागली की ते हाताला कळते. नुसता चवडा ढकलला तर पाऊल मध्येच वाकते आणि पोटरी आहे तशीच राहते. ही चूक मी पुष्कळ घरांत पाहिली आहे, म्हणून सासूबाईंना एकदा सांगलीला सोबत न्यावे आणि थेरपिस्टसमोर त्यांच्याकडून हे करून घ्यावे.

तथापि, दिवसातून दहा मिनिटांच्या ताणण्याने स्नायू आखूड होणे थांबत नाही. उरलेला दिवस मूल कसे बसते आणि उभे राहते यावर बरेच अवलंबून असते. स्प्लिंट, म्हणजे पाऊल योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार, सांगितल्याप्रमाणे घालावे. गोधडीच्या जाड गुंडाळीवर दोन्हीकडे पाय टाकून, तळवे जमिनीला टेकवून बसवल्यास मांड्या आपोआप फाकलेल्या राहतात. द्राक्षांचे क्रेट पालथे घालून त्यावर खेळणी मांडावीत आणि ती घेण्यासाठी त्याला स्टुलावरून स्वतः उठू द्यावे, कारण स्वतःच्या प्रयत्नाने केलेली हालचाल अधिक उपयोगी पडते.

ताठरपणा पूर्णपणे जाईल, असे आश्वासन मी देणार नाही. हाडे वाढतात त्या वेगाने हे स्नायू लांबत नाहीत, म्हणून उंची झपाट्याने वाढताना तो अधिक जाणवतो. ताठरपणा एकाएकी वाढला तर मात्र बद्धकोष्ठता, ताप किंवा स्प्लिंटचा काच आहे का, ते आधी पाहावे. डॉक्टरांनी स्नायू काही काळ सैल करणारे बोट्युलिनमचे इंजेक्शन सुचवल्यास त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, आणि त्या काळात व्यायाम चुकवून चालत नाही. त्यामुळे काढणीच्या तोंडावर ते घेऊ नये.

शेवटी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. स्वतंत्र चालता न येणाऱ्या मुलांमध्ये खुब्याचा सांधा हळूहळू निसटू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. त्याच्या खुब्याचा एक्स-रे आजवर काढला नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो काढण्यास सांगावे.