गॅस गीझर बसवताय? आधी धुराला वाट करा

दादा, साताऱ्याच्या थंडीत गीझर हवाच, पण गॅसचा असेल तर बाथरूममध्ये नको. गॅस जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो; माणूस आंघोळ करताकरताच बेशुद्ध पडतो. बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावा, गरम पाणी पाइपाने आत घ्या.

बंद गॅलरीत लावणार असाल तर धुराचा पाइप हवाच:
- धातूचा, गीझरवरच्या धुराच्या तोंडाएवढाच रुंद. पीव्हीसी अजिबात नको.
- आधी फूटभर सरळ वर, मगच बेंड. आडवा भाग बाहेरच्या दिशेने फुटामागे पाव इंच चढता.
- टोकाला टोपी, नाहीतर पावसाचं पाणी आत.

नवखे हमखास चुकतात ते एक्झॉस्ट फॅनपाशी. त्याच जागेत फॅन लावला की तो धूर उलटा आत खेचतो. त्यापेक्षा जमिनीलगत कायम उघडी जाळी ठेवा.

साबणाच्या पाण्याने गॅसची गळती तपासून गीझर पेटवा, पाच मिनिटांनी गीझरवरच्या धुराच्या तोंडाशी उदबत्ती धरा. उदबत्तीचा धूर पाइपात ओढला गेला तर ठीक. उलटा गॅलरीत लोटला गेला तर गीझर लगेच बंद करा.