चौक तोच, मारामारी तीच

प्रश्न : ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम सेलमध्ये घेतला. महाल, तळी, कमानी बघून जीव हरखतो. पण थोडं पुढे गेलं की एखादा चौक लागतो, वाट बंद होते, राक्षस उगवतात आणि पुन्हा तेच बटण बडवायचं. रात्री जेवणं उरकून जेमतेम तासभर मिळतो. मला खेळता येत नाही, की गेमच असा आहे? सोडून देऊ?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : गेमच असा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो २०२० साली आणला. त्याआधी, २०१७मध्ये, लोकांकडून पैसे उभारायचा प्रयत्न फसला होता, तरी मंडळींनी तो तडीस नेला. याचं कौतुक आहेच. पण म्हणून दोन गुण वाढवून देणार नाही. पुणेकरांना तसली सवलत द्यायची आम्हा ठाणेकरांना सवय नाही.

पाच-सहा तासांच्या गेममध्ये मारामाऱ्या असून असून किती असणार? तरी कंटाळा येतो, कारण मागच्या चौकात जे चाललं तेच पुढच्यातही चालतं. कॅमेराही आपल्या हातात नाही. मग बोटं आपली चालत राहतात आणि डोक्यात उद्याच्या ठाणे-वाशी लोकलची वेळ.

यावर एक उपाय आहे. गेमची नायिका राजी सर्कशीत वाढलेली पोर. खांब धरून ती मल्लखांबावरच्या मुलीसारखी गरकन फिरते, भिंतीवर धाव घेऊन कोलांटी मारत परत येते. घणसोलीच्या माझ्या भाच्याने साधा वार शक्यतो करायचाच नाही असं ठरवलं. चौकात शिरला की आधी खांब शोधायचा. मार बराच खाल्ला, पण जांभया थांबल्या. त्रिशुळाला विजेची शक्ती मिळाली की तीही वापरा, एका राक्षसावरून दुसऱ्यावर उडते.

बाकी तुमचा तासभर भिंतींपाशी घालवा. खरंच. भित्तिचित्रासमोर राजीला उभी केली की दुर्गा आणि विष्णू त्यातली गोष्ट सांगू लागतात, मध्येच एकमेकांना टोमणेही मारतात. राजस्थानी महालांवर पहाडी लघुचित्रांचे रंग चढवलेत, आणि कथेचे मधले दुवे छायाबाहुल्यांमधून उलगडतात. धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसांनी पळवलंय ही साधी गोष्ट त्या सावल्यांत फार जिवाला लागते. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आहेत, तेच लावा. इंग्रजीत बोलणारी दुर्गा मला शेवटपर्यंत परकी वाटली.

तेव्हा सोडू नका, एका बैठकीत दोन चौक पुरे. राक्षसांच्या म्होरक्यापर्यंत, महाबलासुरापर्यंत, पोचाल तेव्हा मात्र शेवट घाईने गुंडाळल्यासारखा वाटेल; तेवढी चिडचिड आधीच धरून चाला.