ग्राफानातली पॅनेलं: रंगांच्या आधी क्वेरी, एकक आणि पट्टी

तुमची अडचण मला कळली ती अशी: सर्व्हरांची मोजमापं गोळा करणाऱ्या प्रोमेथियसच्या डेटावर, ती आलेखांत दाखवणाऱ्या ग्राफानात, तुम्ही बारा सर्व्हरांचा डॅशबोर्ड केलाय (त्यातला प्रत्येक चौकोन म्हणजे एक पॅनेल). सीपीयूच्या आलेखात बारा रेघांचा गुंता होतो, मेमरी ७३ टक्क्यांऐवजी ०.७३ दिसते, रंग आपोआप बदलतात, आणि सात दिवसांचा काळ निवडला की काल स्वतः पाहिलेले सुळके गायब होतात. हे सगळं ‘नीट दिसावं’ म्हणून पॅनेलमध्ये काय बदलायचं, असं तुम्ही विचारलंय.

यातला शेवटचा मुद्दा दिसण्याचा नाहीच. तिथे पॅनेल चुकीची माहिती देतंय, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पॅनेल जितके पिक्सेल रुंद, साधारण तितकेच बिंदू ग्राफाना मागवतं. सात दिवस म्हणजे ६,०४,८०० सेकंद. हजार बिंदू मागवले तर दोन बिंदूंमध्ये दहा मिनिटांचं अंतर पडतं. आता क्वेरीत (डेटा मागवणाऱ्या ओळीत) रेट फंक्शनची, म्हणजे दर सेकंदाची सरासरी वाढ काढणाऱ्या फंक्शनची, खिडकी (मागचा किती काळ मोजायचा ते) तुम्ही हाताने एक मिनिट लिहिली असेल, तर दर दहा मिनिटांतलं शेवटचं एक मिनिटच मोजलं जातं. बाकीची नऊ मिनिटं हिशेबातच येत नाहीत. सुळका त्या नऊ मिनिटांत आला असेल, तर आलेखाच्या दृष्टीने तो आलाच नाही.

त्या एका मिनिटाच्या जागी ‘रेट इंटरव्हल’ हे ग्राफानाचं तयार व्हेरिएबल टाका (नावाच्या आधी डॉलर आणि दोन अंडरस्कोर). निवडलेल्या काळानुसार खिडकी आपोआप रुंदावते आणि मधलं काही सुटत नाही. ही खिडकी स्क्रेप इंटरव्हलच्या (प्रोमेथियस दर किती वेळाने डेटा गोळा करतं त्या अंतराच्या) चौपटीपेक्षा कधीच लहान होत नाही. पण त्यासाठी स्क्रेप इंटरव्हल किती, हे ग्राफानाला माहीत असावं लागतं. डेटा सोर्सच्या सेटिंगमध्ये काही भरलं नसेल तर ते १५ सेकंद धरतं. तुमचं प्रोमेथियस मिनिटातून एकदाच डेटा गोळा करत असेल, तर जवळून बघताना खिडकी साठच सेकंदांची राहते, तिच्यात जेमतेम एक नमुना सापडतो आणि रेट काढायला किमान दोन लागतात. पॅनेल रिकामं दिसतं आणि लोक क्वेरीला दोष देत बसतात. आधी तो आकडा बरोबर भरा.

एवढं करूनही सुळका दिसेल तो बुटका, कारण आता दहा मिनिटांची सरासरी निघतेय. खरी उंची हवी असेल तर मेमरीसारख्या थेट वर-खाली होणाऱ्या मेट्रिकवर ‘मॅक्स ओव्हर टाइम’ (खिडकीतली सर्वांत मोठी किंमत देणारं फंक्शन) वापरा, खिडकी ‘इंटरव्हल’ (दोन बिंदूंमधलं अंतर) या व्हेरिएबलची. सीपीयूसाठी प्रोमेथियसमध्येच रेटचा रेकॉर्डिंग रूल (क्वेरीचं उत्तर ठरावीक वेळाने नवी मालिका म्हणून साठवणारा नियम) लिहून ठेवा आणि त्या साठवलेल्या मालिकेवर हेच फंक्शन लावा. क्षमतेचे निर्णय आठवड्याच्या आलेखावरून घेणाऱ्यांनी तरी हे टाळू नये.

आता ०.७३. क्वेरीला शंभराने गुणू नका, एकक बदला. पॅनेलच्या सेटिंगमधल्या स्टँडर्ड ऑप्शन्सच्या युनिटमध्ये टक्केवारीचे दोन प्रकार आहेत, ० ते १०० आणि ०.० ते १.०. तुम्हाला दुसरा हवा. त्याबरोबर मिन ० आणि मॅक्स १ भरा. आणि थ्रेशोल्ड (जिथे रंग बदलतो ती मर्यादा) तपासाच. नव्या पॅनेलमध्ये तो तयारच असतो: खाली हिरवा, ८० पासून लाल. तुमची किंमत ०.७३ आहे, मेमरी पूर्ण भरली तरी १ होईल, म्हणजे हे पॅनेल कधीच लाल होणार नाही. तिथे ०.८ लिहा, किंवा तुमच्या सर्व्हरांना खरोखर जिथे त्रास सुरू होतो तो आकडा. मिन-मॅक्स मोकळे ठेवले तर ग्राफाना ते आलेल्या डेटातूनच काढतं. मग गेजचा काटा कशाच्या तुलनेत अर्ध्यावर आहे, ते बघणाऱ्याला कळत नाही.

बाइटचंही तसंच. एक एकक १०२४ च्या पटीत मोजतं, दुसरं १००० च्या. सगळ्या डॅशबोर्डवर एकच ठेवा.

त्रुटींच्या संख्येसारख्या आलेखांना मात्र पक्की कमाल देऊ नका, सॉफ्ट मॅक्स द्या. उभ्या अक्षाची पट्टी नेहमी निदान तेवढी राहते, म्हणून रात्रीच्या दोन किरकोळ त्रुटी डोंगरासारख्या दिसत नाहीत, आणि खरा स्फोट झाला तर पट्टी आपोआप वाढते. मला हा पर्याय फार आवडतो, कारण रात्रपाळीवर असलेल्या माणसाची विनाकारण धावपळ त्याने वाचते.

बारा रेघांसाठी माझी मांडणी अशी असेल: वर एकच बार गेज, त्यात बाराही सर्व्हर एकाखाली एक. खाली इन्स्टन्सच्या (सर्व्हरच्या नावाच्या) व्हेरिएबलवर रिपीट लावलेलं, म्हणजे प्रत्येक सर्व्हरसाठी पुन्हा काढलं जाणारं टाइम सिरीज (काळानुसार आलेखाचं) पॅनेल, एका ओळीत चार. डॅशबोर्डची रुंदी २४ स्तंभांची असते, म्हणजे प्रत्येकाला सहा मिळतात. सगळ्यांची मिन-मॅक्स एकच हवी, नाहीतर नजरेने तुलना करताना हमखास फसगत होते. सगळं एकाच आलेखात हवं असेल तर लेजेंड (रेघांच्या नावांची यादी) टेबल स्वरूपात घ्या, त्यात कमाल आणि शेवटची किंमत दाखवा, कमालीनुसार क्रम लावा. ‘टॉप के’ (सर्वांत मोठ्या ठरावीक किमती निवडणारं फंक्शन) वापरून पाच रेघा मिळतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. ते प्रत्येक बिंदूला नव्याने पहिले पाच निवडतं, त्यामुळे आठ-नऊ तुटक रेघा येतात.

रंग बदलतात कारण क्लासिक पॅलेट मालिकांच्या क्रमाने रंग वाटतं. एक सर्व्हर गळला की पुढचे सगळे सरकतात. नव्या आवृत्त्यांत मालिकेच्या नावावरून रंग ठरवणारा पर्याय आहे, तो घ्या. एखाद्याच सर्व्हरला ठरावीक रंग हवा असेल तर नावाने ओव्हरराइड करा. फक्त लाल-हिरव्यावर विसंबू नका, आकडा किंवा शब्दही दिसू द्या. हे दोन रंग वेगळे न ओळखणारं कुणीतरी टीममध्ये असतंच असं समजून चला.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगायलाच हवं. तुमचं स्टॅट पॅनेल (एकच मोठा आकडा दाखवणारं) काळाच्या पूर्ण पट्ट्यातून शेवटची रिकामी नसलेली किंमत उचलतं. सर्व्हर दोन तासांपूर्वी बंद पडला आणि पडदा सहा तासांवर असला, तर दोन तासांपूर्वीचा हिरवा आकडा अजूनही तिथे दिमाखात दिसेल. क्वेरीचा प्रकार इन्स्टंट (फक्त एका क्षणाची किंमत मागणारा) करा. लक्ष्य (ज्याच्याकडून डेटा घ्यायचा तो सर्व्हर) प्रतिसाद देईनासं झालं की प्रोमेथियस त्याची मालिका शिळी ठरवतं, मग आकडा जाऊन ‘नो डेटा’ येतं. सगळ्यात वरच्या ओळीत ‘अप’ मेट्रिकचं (सर्व्हरकडून डेटा मिळाला तर १, नाहीतर ०) स्टेट टाइमलाइन, म्हणजे काळानुसार स्थिती दाखवणारं पॅनेल, ठेवा आणि व्हॅल्यू मॅपिंगने ० ला ‘बंद’, १ ला ‘चालू’ असे शब्द द्या.

हे बदल करण्याआधी एक बघा: पॅनेल लायब्ररी पॅनेल असेल तर ते जिथे जिथे वापरलंय त्या प्रत्येक डॅशबोर्डवर बदल उमटतील. प्रयोग करायचा असेल तर आधी अनलिंक करा. डॅशबोर्ड फाइलमधून प्रोव्हिजन केलेला (फाइल वाचून आपोआप तयार झालेला) असेल तर बदल त्या फाइलमध्येच करावे लागतील, कारण पडद्यावर साठवलेलं फाइल पुन्हा बदलली की पुसलं जातं.