स्क्रॅप, खरवड आणि मोड

नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे : ‘आमच्या कारखान्यात स्क्रॅप म्हणजे भंगार. मुलीच्या शाळेतून स्क्रॅपबुक आणायची चिठ्ठी आली. तिच्या इंग्रजी गोष्टीत एक म्हातारी कुत्र्यापुढे जेवणातले स्क्रॅप्स टाकते, आणि पुढे दोन मुलांचं स्क्रॅप होतं, म्हणजे चक्क मारामारी. हा सगळा एकच शब्द आहे का? आणि म्हातारीच्या वाक्यात मराठीत काय लिहायचं? मी भंगार सांगितलं तर मुलगी हसली.’

मुलीचं हसणं रास्त आहे. पण वडिलांचा शब्दही त्याच घरातला आहे. स्क्रॅप हा शब्द स्वयंपाकघरातून निघून कारखान्यात पोचला, आणि वडिलांची त्याच्याशी गाठ पडली ती बऱ्याच पुढच्या मुक्कामावर.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजी लिखाणात दिसू लागतो, तेव्हा त्याचा अर्थ जेवणातले उरलेले तुकडे एवढाच होता. तो आला जुन्या नॉर्स भाषेतून. नवव्या शतकापासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या व्हायकिंग लोकांची ही भाषा. तिथे ‘स्क्रापा’ म्हणजे खरवडणे आणि ‘स्क्राप’ म्हणजे खरवडून निघालेलं किडूकमिडूक. सुरुवातीचा ‘स्क’ हा नॉर्स वळणाचा ठसाच आहे. मूळ इंग्रजीत त्या जागी बहुधा ‘श’ झाला. म्हणून एकाच मुळातून निघालेला शर्ट अस्सल इंग्रजी आणि स्कर्ट नॉर्स वळणाचा.

आता मराठीकडे या. खरवडणे या क्रियापदापासून आपण नाम केलं खरवड. घडण अगदी तीच. इंग्रजीने उसना घेऊन जो शब्द मिळवला, तो मराठीने आपल्याच क्रियापदातून काढला. ही जोडी लक्षात आली तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण खरवड ही माझ्यासाठी आधी चव आहे आणि मग शब्द. आमच्याकडे बासुंदी पितळी पातेल्यात आटायची. बासुंदी काढून घेतली की तळाला तांबूस, चिवट थर उरायचा. तो आई शिंपल्याने खरवडायची. उलथन्याने खरवडलं तर कल्हई जाते म्हणून शिंपला. कर्रकर्र आवाज सुरू झाला की आम्ही भावंडं ओट्यापाशी हजर. शिंपल्याच्या पोटात गोळा झालेला तो जरासा करपट, गोड लगदा म्हणजे खरवड.

इंग्रजीत चरबी वितळवून घेतल्यावर कढईत राहणाऱ्या कुरकुरीत कणांनाही स्क्रॅप्स म्हणतात. आपल्याकडे लोणी कढवून तूप गाळलं की खाली राहते ती बेरी. वस्तू वेगळी, जागा तीच. उत्तर इंग्लंडमध्ये तळलेल्या माशांच्या दुकानात कढईत सुटलेल्या पिठाच्या चुऱ्याला आजही स्क्रॅप्स हेच नाव आहे. म्हणजे खाण्याचा अर्थ जुना असला तरी मेलेला नाही.

तुकडा हा अर्थ एकदा बसला की मग काय, कशाचाही तुकडा चालतो. कापडाचा, कागदाचा, बोलण्याचासुद्धा. १५९८ मध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या एका नाटकात भाषापंडितांबद्दल एक पात्र म्हणतं की हे भाषांच्या मेजवानीला गेले आणि स्क्रॅप्स चोरून आले. १९१४ मध्ये जर्मन चान्सलरने बेल्जियमच्या तटस्थतेचा १८३९ चा करार ‘स्क्रॅप ऑफ पेपर’ ठरवला आणि ते शब्द जगभर गाजले. मराठीत तिथे ‘कागदाचा कपटा’ म्हणावं. कपटा किंवा चिटोरं यात जी तुच्छता आहे, ती ‘तुकड्या’त नाही.

लोखंडाशी हा शब्द जोडला गेला तो कारखानदारी वाढल्यावर. लेथ म्हणजे कातयंत्राखाली साचलेले धातूचे कुरळे काप, पंचिंगमध्ये नग कापून काढल्यावर जाळीसारखी उरलेली पत्र्याची पट्टी, रीवर्क म्हणजे पुन्हा काम करूनही सुधारणार नाही असा नग, हे सगळं स्क्रॅप. सातपूर-अंबडमध्ये सगळे जण हाच शब्द वापरतात आणि तो मराठीच झाला आहे, त्याला हटकायचं कारण नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचं क्रियापद झालं : जुनी जहाजं, यंत्रं स्क्रॅप करणे. आणि मग योजना, कायदे, बेतही स्क्रॅप होऊ लागले.

इथे नाशिककराने ‘रद्द करणे’वर थांबू नये. आपल्याकडे ‘मोडीत काढणे’ आहे. आणि तो वाक्प्रचार कुठून आला हे पाहायला आपल्याला लांब जायला नको, भांडी बाजारात गेलं की पुरे. लहानपणी आईबरोबर तिथे एक चिरलेली पितळी घागर घेऊन गेलो होतो. दुकानदाराने ती बोटाने वाजवली, आवाज बद्द आला. मग तिची लोखंडी कडी काढून बाजूला ठेवली आणि घागर काट्यावर चढवली. ‘मोडीच्या भावाने घेईन, वितळवताना होणारी घट धरून,’ तो म्हणाला. मोड म्हणजे वितळवायला जाणारं जुनं भांडं किंवा जुना दागिना. त्याचा भाव नव्या भांड्याहून कमी, कारण घडणावळ बुडालेली असते, उरतो तो फक्त धातू. आई घागरीच्या काठावरून एकदा हात फिरवून बाजूला झाली. योजना मोडीत निघते तेव्हा नेमकं हेच झालेलं असतं. केलेली घडण जाते, माल राहतो. २०२१ मध्ये जुन्या गाड्यांचं सरकारी धोरण आलं, तेव्हा ‘वाहने मोडीत काढण्याचे धोरण’ असं वाचून मला बरं वाटलं होतं. भांडी बाजारातला शब्द थेट मोटारीला लागला.

स्क्रॅपबुक हा एकोणिसाव्या शतकातला शब्द, कात्रणं चिकटवायची वही. मराठीत चिकटवही म्हणतात, छान शब्द आहे. इंग्रजीने तुकडे पाहिले, आपण डिंक पाहिला.

मारामारीचं स्क्रॅप बहुतेक शब्दकोश वेगळ्या नोंदीत देतात, पण त्याचाही धागा बहुधा खरवडण्याच्या क्रियापदाकडेच जात असावा. ते आपल्याला परकं वाटायला नको. खरडणे हे खरवडण्याचंच भावंड वाटावं असं क्रियापद, आणि साहेब चिडले की खरडपट्टी काढतात!

स्क्रॅपच्या शेजारचा लेफ्टओव्हर हा शब्दही सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यातल्या ‘लेफ्ट’चा डाव्या हाताशी संबंध नाही, तो लेफ्ट मुळात ‘दुबळा’ या अर्थाचा वेगळा शब्द. उरण्याचा लेफ्ट येतो ‘लीव्ह’पासून, आणि त्याचं मूळ भाषाशास्त्रज्ञ चिकटणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. संस्कृतातला लिप् धातू त्याच कुळातला. म्हणजे आपलं लिंपणे, लेप, आणि इंग्रजांचं लेफ्टओव्हर हे लांबचे भाऊबंद. जे चिकटून राहिलं ते उरलं, आणि जे खरवडून काढलं ते स्क्रॅप. पातेलं एकच.

राहिला म्हातारीच्या वाक्याचा प्रश्न. मराठीत उरलेल्याला एकच नाव देऊन भागत नाही, ते कसं उरलं हे आपण विचारतो. तोंड लागलेलं ते उष्टं. ताटाला, भांड्याला, हाताला लागून राहिलेलं ते खरकटं. कालचं ते शिळं, आणि हा शब्द ‘शीतल’पासून आलेला. शीतला सप्तमीलाही आदल्या दिवशीचं थंड अन्नच खातात. पिळून उरला तो चोथा, मग तो नारळाचा असो की आपल्याकडच्या वायनरीतल्या द्राक्षांचा. यातला उष्टं हा शब्द ‘उच्छिष्ट’पासून आला. संस्कृतात त्याचा अर्थ नुसता ‘उरलेलं’ असाही होता, भागाकारातला शेष त्याच शिष् धातूचा. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर उच्छिष्टावर अख्खं सूक्त आहे, आणि नाम, रूप, लोक असं सगळं त्या उरलेल्यातच ठेवलेलं आहे असं ते म्हणतं. मराठीत येईपर्यंत तो शब्द ओठांपाशी आखडला.

तेव्हा गोष्टीतली म्हातारी आधी स्वतः जेवली असेल आणि ताटातलं कुत्र्यापुढे टाकत असेल, तर ‘उष्टं-खरकटं टाकलं’ असं लिहा. आपल्या वाटच्या भाकरीतला चतकोर तिने जेवायच्या आधीच मोडून दिला असेल, तर ‘भाकरतुकडा घातला’. मुलीला गोष्टीतलं ते पान पुन्हा वाचायला सांगा. म्हातारी जेवली होती की नाही, ते तिथे असेलच.