चौथीतल्या मुलीला दिवाळीच्या चित्रांमधून सममिती कशी शिकवू?

तुम्ही लिहिलंय की पणतीचं अर्धं चित्र पूर्ण करायला दिलं, तर मुलगी उरलेला भाग उलटा न काढता तसाच्या तसा काढते. माझ्या वर्गात दरवर्षी कितीतरी मुलं हेच करतात. 'दोन्ही बाजू सारख्या' असं आपण म्हणतो आणि ती अगदी सारख्याच काढतात. तेव्हा रागावू नका, शब्द आपलाच चुकलेला असतो.

पणती सध्या बाजूला ठेवा. चौकटीच्या वहीत ५ बाय ५ ठिपके काढून मधल्या उभ्या ओळीवर लाल रेघ मारा. ही सममितीची रेघ. 'अक्ष' हा शब्द नंतर सांगितला तरी चालेल. डावीकडे तुम्ही दोन ठिपके जोडायचे, उजवीकडे तिने. रेघेपासून दोन घरं डावीकडे गेलात, तर तिनेही उजवीकडे दोनच घरं जायचं. मोठ्याने मोजायला लावा. अडलं तर रेघेवर छोटा आरसा उभा धरा. एका पाकळीत लाल आणि समोरच्या पाकळीत पिवळा रंग भरला की काय बिघडतं, तेही आरसाच दाखवतो. उभी रेघ जमली की आडवी, मग दोन तिरक्या. चौरसात अशा चार रेघा मिळतात. ७ ते ४ ठिपक्यांच्या षटकोनी रांगोळीत सहा, पण ती घाई नको.

मला सगळ्यात आवडतात ती लक्ष्मीची पावलं. तांदळाच्या पिठाच्या पातळ पाण्यात बंद मूठ करंगळीच्या बाजूने बुडवायची, काळ्या कागदावर ठसा उमटवायचा, वर बोटाने पाच ठिपके द्यायचे. आधी एका मुठीचा ठसा, शेजारी दुसऱ्या मुठीचा. एकट्या पावलाची उभी घडी घातली तर अंगठा करंगळीवर येतो, जुळत नाही. दोन्ही पावलांच्या मधोमध घडी घातली की अंगठ्यावर अंगठा बसतो. हे तिला स्वतः करू द्या, आधी सांगू नका.

मग स्वस्तिक काढायला सांगा आणि घडीची रेघ शोधू द्या. उभी, आडवी, तिरकी, कुठलीच चालणार नाही. तिने हार मानली की ते बटर पेपरवर गिरवून घ्या, मध्यावर टाचणी टोचा आणि वरचा कागद पाव फेरी फिरवा. तंतोतंत बसतं! सममिती घडीची असते, तशी फिरण्याचीही असते, हे चौथीतल्या मुलीला इतक्यातच कळतं.

आता पुस्तकातल्या पणतीकडे या. एक पणती सरळ ज्योतीची काढून द्या आणि एक वाऱ्याने झुकलेल्या ज्योतीची. लाल रेघ कुठे मारायची, ते तिलाच ठरवू द्या.